'नर्सिंग' या शब्दाच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब मिस्साचा मानस घेऊन आमच्याकडे आले. घरातील वडीलधारे काका इंग्लंडमध्ये मुलाकडे राहत होते आणि त्यांना 'नर्सिंग होम'मध्ये ठेवले असल्याचा निरोप आला होता. काकांना लवकर आराम पडावा आणि त्यांनी सुखरूप घरी यावे, एवढेच त्या भाबड्या माणसांचे मागणे. आम्ही मानस वहीत टिपला आणि रविवारी वेदीवरून वाचला. दोन महिन्यांनी तोच मानस पुन्हा आला. पुढे ईस्टरच्या सुमारास तिसऱ्यांदा आला. 'असा कोणता आजार फादर, की डॉक्टर डिस्चार्जच देत नाहीत?' असे काकांच्या धाकट्या बहिणीने विचारले, तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आणि प्रकाश पडूनही तिला काही सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे एखाद्या डॉक्टरांचे दहा-पंधरा खाटांचे खासगी इस्पितळ. सुनेचे बाळंतपण तेथे होते, अपेंडिक्स तेथे काढले जाते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी माणूस रिक्षाने घरी परततो. सरकारदरबारीही हाच अर्थ रूढ आहे. १९४९ च्या मुंबई नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली ज्यांची नोंदणी सुरू झाली ती अशीच रुग्णालये आणि प्रसूतिगृहे. इंग्लंडमध्ये मात्र ज्या वृद्धांचे स्वतःच्या हातांनी काही होत नाही, त्यांना शेवटपर्यंत सांभाळणारे ते घर. तेथून सहसा कोणी परत येत नाही. तीन वेळा आम्ही वेदीवरून ज्या सुटकेसाठी प्रार्थना केली, ती सुटका त्या शब्दाच्या तिकडच्या अर्थात बसतच नव्हती. तेव्हापासून हा शब्द आमच्या मनात रेंगाळत राहिला आहे.

सेमिनरीत आम्हांला लॅटिनचे जुजबी धडे मिळाले होते. त्या शिदोरीवर एवढे सांगता येते की 'नुत्रीरे' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ अंगावर पाजणे, पोसणे. त्यावरून 'नुत्रिक्स' म्हणजे दूध पाजणारी दाई. आणि फ्रेंच भाषेच्या वाटेने फिरत फिरत तिची इंग्रजीत 'नर्स' झाली. 'न्यूट्रिशन' आणि 'नरिश' ही तिचीच भावंडे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी ना थर्मामीटर आहे, ना इंजेक्शन, ना पांढरा गणवेश. तेथे एक बाई मांडी घालून बसली आहे आणि तिच्या पदराखाली एक मूल आहे, बहुधा दुसऱ्याचे. आजही इंग्रजीत एखादी स्त्री 'नर्सिंग' करते असे म्हटले, तर ती इस्पितळात नोकरीला आहे की बाळाला पाजते आहे, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरूनच ठरवावे लागते.

दुसऱ्याचे मूल, हा तपशील मोलाचा आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा सईबाईंची प्रकृती ढासळलेली होती. बाळाला दूध पाजले ते कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी. अशा स्त्रीला मराठीने 'दूधआई' म्हटले. नोकराणी म्हटले नाही, उसनी आईही म्हटले नाही. आमच्या मते मराठी भाषेने केलेल्या न्यायनिवाड्यांत हा एक फार चांगला निवाडा आहे.

निर्गमाच्या पुस्तकातली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नदीकाठच्या लव्हाळ्यांत फारोच्या मुलीला पेटीत ठेवलेले तान्हे मूल सापडते. दूर उभी राहून पाहत असलेली त्याची बहीण पुढे येते आणि विचारते, एखादी इब्री दाई बोलावून आणू का? ती धावत जाऊन आणते ती मुलाच्या सख्ख्या आईलाच. राजकन्या तिला वेतन ठरवून देते आणि मूल तिच्या हवाली करते. पगारी नर्स आणि जन्मदाती आई एकाच पदरात! त्या माउलीने पहिल्या महिन्याचे वेतन हातात घेतले तेव्हा तिला काय वाटले असेल, यावर कोणी भाष्यकाराने लिहिलेले आमच्या वाचनात नाही. ते वेतन तिने नाकारले नसणार, हे उघड आहे. नाकारले असते तर बिंग फुटले असते. पण त्या वेतनामुळे दूध पातळ झाले नाही, हेही तितकेच उघड आहे.

पुढे तेच मूल मोशे झाले, आणि अरण्यात लोकांच्या कुरकुरीला कंटाळून त्याने परमेश्वराकडे तक्रार केली, ती याच शब्दांत: या सगळ्या लोकांचा गर्भ मी वाहिला काय, की दाईने तान्ह्याला उराशी धरून न्यावे तसे मी यांना न्यावे? (धर्मग्रामाच्या वित्त समितीची सभा आटोपून आलेल्या कोणत्याही धर्मगुरूला या तक्रारीवर वेगळे भाष्य लागत नाही.) संत पौलाने मात्र थेस्सलनीकाकरांना लिहिताना हीच उपमा तक्रारीविना स्वतःला लावून घेतली. बिनलग्नाचा, तंबू शिवणारा, देशोदेशी भटकणारा पुरुष. आणि तो म्हणतो की आपल्या मुलांना उराशी जपणाऱ्या आईसारखा मी तुमच्यात वागलो.

हा शब्द बाळापासून आजाऱ्यापर्यंत कसा पोहोचला, याचे कोडे ज्याने घरात खिळून पडलेले माणूस सांभाळले आहे त्याला पडणार नाही. मोठे माणूस अंथरुणाला लागले की तान्ह्या बाळाला जे लागते तेच त्याला लागते. भरवायचे ते चमच्याने, आणि पाठीला उशा देऊन बसवून, नाहीतर ठसका लागतो. अंग पुसायचे ते कोमट पाण्याने, घड्यांमधून कोरडे करीत. माणसाला न उठवता त्याच्याखालची चादर बदलायची ही तर एक विद्याच आहे: एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर पाठीशी गुंडाळायची, नवी अर्धी अंथरायची, मग दुसऱ्या कुशीवर. आणि दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, रात्रीही. हयगय झाली की माकडहाडाशी कातडी आधी लाल होते, मग फाटते, आणि ती जखम भरता भरत नाही. मराठीत शरीराच्या बाजूलाही कूस म्हणतात आणि आईच्या उदरालाही कूसच म्हणतात. ज्या कुशीतून आपण आलो तिची कूस रात्री दोन वाजता कोणी बदलायची, हा आज घरोघरीचा प्रश्न आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांसाठी स्कुटारीला गेल्या, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. १८५९ साली त्यांनी नर्सिंगवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्यांची या शब्दाविषयीच कुरकुर आहे: दुसरा बरा शब्द नाही म्हणून हा वापरते, कारण लोकांना वाटते की औषध पाजणे आणि पोटीस बांधणे म्हणजे नर्सिंग. त्यांना अभिप्रेत होते ते ताजी हवा, उजेड, ऊब, स्वच्छता, शांतता आणि योग्य आहार. म्हणजे आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या बाईंनीही शेवटी बोट ठेवले ते भरवण्यावरच.

आपल्याकडे रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, नर्सला हाक मारतो ती 'सिस्टर' म्हणून, आणि पुरुष असेल तर 'ब्रदर' म्हणून. या हाकेत धर्मभगिनींनी शतकानुशतके केलेल्या सेवेची आठवण आहे, हे हाक मारणाऱ्याच्या ध्यानीही नसते. ब्रदर म्हटले की आम्हांला मात्र संत कामिल्लुस आठवतात. १५५० साली इटलीत जन्मलेला हा उंचापुरा शिपाईगडी जुगारापायी कफल्लक झाला होता, आणि त्याच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. रोममधील ज्या इस्पितळात तो उपचारांसाठी राहिला आणि नोकर म्हणून कामालाही लागला, तेथून त्याला पत्त्यांच्या नादापायी हाकलण्यात आले. १५७५ साली त्याचे मनःपरिवर्तन झाले, पुढे तो धर्मगुरू झाला, आणि जिवावर बेतले तरी रोग्यांची सेवा सोडणार नाही असे चौथे व्रत घेणारा संघ त्याने स्थापन केला. १६१४ साली मरण येईपर्यंत ती जखम त्याच्या पायावर होती. आज ते रुग्णांचे आणि नर्सेसचे आश्रयदाते संत आहेत. सांभाळणारा धडधाकटच असला पाहिजे, असा काही नियम दिसत नाही.

इंग्रजी माणूस हा शब्द आणखीही कुठे कुठे नेतो. रोपांच्या वाडीलाही नर्सरी आणि बालवाडीलाही नर्सरी. दुखावलेला पाय जपत चालणे म्हणजे त्या पायाचे नर्सिंग. पुढाऱ्याने निवडणुकीच्या आधीपासून मतदारसंघाची निगा राखणे, तेही नर्सिंग. एकच पेला हातात धरून तासभर घुटक्या घुटक्याने पीत राहणे हे पेल्याचे नर्सिंग. लग्नाच्या हळदीच्या रात्रीचा आमचा अनुभव पाहता हा अर्थ आपल्या लोकांना फारसा लागू पडत नाही.

पण एक वापर असा आहे की त्याने आम्हांला थांबवले. मनात धरलेल्या रागालाही इंग्रजीत 'नर्स' करतात. ज्या क्रियापदाने आई बाळाला पाजते, त्याच क्रियापदाने माणूस आपला आकस पोसतो. प्रथमदर्शनी ही भाषेची थट्टा वाटते; विचार केला तर तिचे निरीक्षण किती अचूक आहे ते कळते. राग हा एकदा येतो आणि जातो. आकस मात्र आपोआप जगत नाही. त्याला वेळच्या वेळी पाजावे लागते. रात्री घर झोपले की तो बाळासारखा रडून उठतो आणि आपण त्याला जवळ घेतो: तो काय म्हणाला, मी काय म्हणायला हवे होते, त्या वेळी कोण कोण हसले. पोट भरले की तो निजतो, आणि सकाळी थोडा वाढलेला असतो. कुंपण हातभर सरकले, विहिरीचे पाणी अडवले, लग्नाच्या पत्रिकेत नाव राहिले, एवढ्याशा बीजावर वीस-वीस वर्षे पोसलेले आकस आम्ही पाहिले आहेत. ज्याने ते कारण घडवले तो माणूस मातीआड गेला, तरी आकस धट्टाकट्टा.

मराठीलाही ही गोष्ट ठाऊक आहे. आपण अढी 'बाळगतो', आणि त्या क्रियापदात कानाला बाळ ऐकू येते. वैर आपण पोसतो. पण मराठीने एक पाऊल पुढे टाकून ते मूल कोणाचे आहे तेही सांगून ठेवले: आपण 'डूख धरतो', आणि डूख धरणे हा सापाचा गुण. सापाला दूध पाजण्याची म्हण आपल्या आयाबायांच्या तोंडी असते. दूध तेच, पाजणारेही आपणच. माणसाजवळ पाजायला असे असते किती? दिवसाचे काही तास, रात्रीची थोडी जाग, अंगातली ऊब, लक्ष. ते ज्याला पाजू तेच वाढणार. एकाच आईच्या खाटेच्या दोन बाजूंना दोन मुलगे उभे आहेत, दोघेही तिच्यासाठी डॉक्टरांकडे धावतात, औषधाला पैसे कमी पडू देत नाहीत, आणि एकमेकांशी मात्र चकार शब्द बोलत नाहीत, असे दृश्य आमच्या वाट्याला कितीदा आले आहे. तिला सूप भरवत असताना त्यांच्या उरातले दूध कोणाकडे जाते, ते ती माउली ओळखते. ती डोळे मिटून घेते. आपण समजतो, तिला झोप लागली.

अशा घरात हल्ली तिसरे माणूस असते. ब्युरोतून आणलेली बाई. तिला आपण मावशी म्हणतो. बारा तासांची पाळी, ठरलेला पगार. आमच्याकडे अधूनमधून कोणीतरी अवघडून विचारतो, 'फादर, आईला पैसे देऊन सांभाळायला ठेवली, हे पाप का?' विचारणारा बहुधा मुलगा असतो. सुनेला हा प्रश्न विचारायला फुरसत नसते. जुन्या घरात रात्रीबेरात्री उठणारी ती होती, तेव्हा आम्ही सगळे पुरुष, धर्मगुरूंसुद्धा, सेवेचे गुणगान करीत होतो. आज तिची नोकरी आहे, लोकलचा प्रवास आहे, आणि तिला दोन तास झोप मिळावी म्हणून मावशी आली तर तीत पाप शोधणाऱ्याने आधी एक रात्र स्वतः जागून काढावी. दुसरेही एक बोलावेसे वाटते. 'सेवा' हा पवित्र शब्द उच्चारून नर्सचा आणि मावशीचा पगार कमी ठेवण्याची चाल आपल्या समाजात आहे; पवित्र शब्दाचा याहून स्वस्त उपयोग आम्हांला माहीत नाही. मोशेच्या आईलाही वेतन मिळाले होते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, आणि ती रात्र त्याने स्वतः त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने काय केले? दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवले आणि याला सांभाळ म्हणून सांगितले. प्रभू येशूने ज्याला आदर्श शेजारी म्हटले, त्यानेही पैसे देऊन माणूस ठेवले! पण जाताना तो आणखी एक वाक्य बोलला, आणि प्रवचनांत आम्ही ते घाईने ओलांडतो: जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. मी परत येईन. दिनारांनी सुटका झाली असे त्याने मानले नाही. काकांना ज्या नर्सिंग होममध्ये ठेवले होते तेथील व्यवस्था उत्तम होती, असे त्यांचा मुलगा पुढे सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला. प्रत्येक रविवारी दीड तास गाडी चालवून तो तेथे जात असे, हे त्याने सांगितले नाही, त्याच्या पत्नीने सांगितले. काकांच्या बहिणीला आम्ही ते सांगितले तेव्हा तिने मानस बदलला.

आता आपला शब्द. नर्सिंगला आपण मराठीत शुश्रूषा म्हणतो. संस्कृतात 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवा करी, म्हणून तिचा अर्थ सेवा झाला, आणि पुढे मराठीत ती आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसली. इंग्रजी शब्द दुधातून निघाला, आपला कानातून. लॅटिनमध्येही असेच एक नाते आहे: धर्मगुरुपदाच्या दीक्षेच्या वेळी आम्ही महागुरूंच्या हातांत हात देऊन ज्या आज्ञाधारकपणाचे वचन देतो, त्याचा लॅटिन शब्द 'ऐकणे' या क्रियापदापासूनच आला आहे. वचन देतेवेळी आम्हांला वाटले होते, ऐकायचे ते फक्त वरिष्ठांचे.

येथे एक प्रसंग सांगायचा आहे. तो पापनिवेदनातला नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला लागलेल्या एका वृद्ध विधवेला आम्ही पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद देत असू. त्या दिवशी अकरा घरे होती आणि बारा वाजता शाळेत कार्यक्रम. प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला, आम्ही वळलो, तोच तिने आमच्या झग्याची बाही धरली. 'फादर, जरा बसा. एक सांगायचं हाय.' आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, 'पुढच्या खेपेला निवांत बसतो, बाय.' पुढची खेप आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिची अंत्यविधीची मिस्सा केली.

सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर त्यांच्याकडची मावशी पिशवी घेऊन बसच्या थांब्यावर उभी होती. ती ख्रिस्ती नव्हती. आम्हांला पाहून ती पुढे आली. आजींना त्यांच्या थोरल्या बहिणीला भेटायचे होते, म्हणाली. आईच्या पाटल्यांवरून दोघींचे बोलणे बंद झाले त्याला तीस वर्षे झाली होती. आता मनात काही नाही, तिला घेऊन या, एवढे फादरांना सांगायचे होते. रोज रात्री कूस बदलताना आजी हेच बोलत. 'मग घरात सांगितलं का नाही?' आम्ही विचारले. 'मी कामाची बाई. आणि आजी म्हणाल्या, मी फादरांना सांगते, ते आणतील.'

ती बहीण शेजारच्या धर्मग्रामात राहत होती, आमच्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावर. अंत्यविधीला ती आली नव्हती. आम्ही गेलो तेव्हा ओटीवर बसून भिजवलेले वाल सोलत होती. आम्ही सगळे सांगितले, आम्ही बसलो नाही हेही सांगितले. तिची बोटे थांबली नाहीत. बऱ्याच वेळाने तिने विचारले, 'शेवटी जेवत होती का ती?'

पेज घेत होती, आम्ही म्हणालो, मावशी चमच्याने भरवायची.

'पेजेत तिला मीठ जास्त लागायचं. लहानपणापासून. त्या बाईला कोणी सांगितलं होतं का?'

आम्हांला उत्तर देता आले नाही. घरी येऊन ब्युरोकडून मावशीचा फोन नंबर मिळवला. 'हो तर,' ती म्हणाली, 'पहिल्याच दिवशी आजींनी सांगितलं होतं.' तेवढे कळवण्यासाठी आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा त्या ओटीवर गेलो. म्हातारीने ऐकून घेतले आणि वालांची परात आमच्याकडे सरकवली.